पोरसाचे हत्ती पटावर: युद्धखेळातले डावपेच पारखायचे कसे?

इ.स.पू. ३२६ मध्ये झेलम नदीच्या काठी राजा पोरसाने अलेक्झांडरसमोर आपले सैन्य उभे केले, तेव्हा सर्वांत पुढे हत्ती होते. ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो की हत्ती २०० होते आणि दोन हत्तींमध्ये किमान १०० फुटांचे अंतर होते. पुस्तकात हे वाक्य वाचून आपण सहज पुढे जातो. हीच लढाई टेबलावर मांडायला घेतली की मात्र पहिल्याच मिनिटाला हात थांबतो. २०० हत्ती आणि मधली अंतरे मिळून जवळजवळ २०,००० फूट, म्हणजे सुमारे ६ किलोमीटर लांबीची रांग होते. एवढ्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला राजाचा हुकूम पोचायचा कधी? दुसऱ्या प्राचीन इतिहासकारांपैकी कर्टियस हत्तींची संख्या ८५ देतो, डायोडोरस १३० देतो. ८५ धरले तर रांग अडीच किलोमीटरांवर येते, १३० धरले तर चार किलोमीटरांवर. कोणता आकडा घ्यायचा, हे ठरवल्याशिवाय पटावर पहिली तुकडी ठेवता येत नाही.

प्राचीन लढायांच्या युद्धखेळाची गोडी इथेच आहे. वाचताना निसटून जाणारे प्रश्न मांडायला बसले की समोर येऊन उभे राहतात. आणि मांडलेला डाव पुन्हा पुन्हा खेळून पारखायला लागले, म्हणजे ज्याला इंग्रजीच्या वळणाने प्लेटेस्टिंग म्हणतात ते करायला लागले, की सेनापतीच्या निर्णयामागचे कारण दिसू लागते. ही पारख नेमकी कशी करतात, त्यात गफलत कुठे होते आणि तिच्यातून इतिहासाबद्दल काय कळते, हे या लेखात पाहू.

खेळामागची परंपरा

लढाईचा खेळ मांडून अधिकारी तयार करण्याची पद्धत प्रशियाने रूढ केली. राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी ती घडवली. मुलाने १८२४ मध्ये नियम छापले. १:८००० प्रमाणाचे नकाशे, तुकड्यांसाठी छोटे ठोकळे, गोळीबाराचा परिणाम ठरवणारे फासे आणि दोन्ही बाजूंचे हुकूम घेऊन निकाल देणारा पंच, असे त्याचे स्वरूप होते. बुद्धिबळात प्यादे सांगितल्याबरोबर हलते आणि मारलेली सोंगटी हमखास मरते. इथे मात्र नशीब, अज्ञान आणि उशीर या तिन्ही गोष्टी खेळात आल्या.

घरगुती छंद म्हणून या खेळाला लोकप्रिय केले ते एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या आपल्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकातून. प्राचीन काळाची विशेष ओढ असलेल्यांना एकत्र आणले टोनी बाथ यांनी. १९६५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' स्थापन केली. या संस्थेचे नियतकालिक 'स्लिंगशॉट' म्हणजे गोफण. १९६९ मध्ये 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'चे प्राचीन युद्धांचे नियम आले. त्यांचे प्रमुख लेखक होते फिल बार्कर. पुढे बार्कर, सू लॅफ्लिन-बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी १९९० मध्ये 'डे बेलिस अँटिक्विटाटिस' हा छोटा, चटपटीत नियमसंच काढला. खेळाडू त्याला 'डीबीए' म्हणतात. त्याची तिसरी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली.

डीबीएच्या सैन्ययाद्या इ.स.पू. ३००० पासून इ.स. १५०० च्या आसपासपर्यंत पोचतात. त्यात भारतीय सैन्येही आहेत. पोरसाचे आणि मौर्यांचे सैन्य ज्या यादीत येते, तिच्या काळात आपले सातवाहनही बसतात. त्यामुळे पैठणच्या राजाचे सैन्य मांडून पाहायचे असेल तर महाराष्ट्रातल्या वाचकाला पाया आयता मिळतो.

बारा तुकड्या आणि एक फासा

डीबीएचा गाभा दहा मिनिटांत समजतो. प्रत्येक बाजूला १२ तुकड्या. १५ मिलिमीटरचे छोटे सैनिक वापरले तर प्रत्येक तुकडीची पट्टी ४० मिलिमीटर रुंद असते आणि पट साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद. बाराही तुकड्या एका ओळीत लावल्या तर ४८ सेंटिमीटर भरतात आणि दोन्ही बगलांना मिळून जेमतेम १२ सेंटिमीटर उरतात. पण मग हाताशी राखीव म्हणून एकही तुकडी राहत नाही. राखीव ठेवायची तर फळी आखूड होते आणि बगला उघड्या पडतात. पहिली तुकडी हलण्याआधीच सेनापतीला हा पेच सोडवावा लागतो.

आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जितके दान पडेल तितक्या चाली मिळतात. या चालींच्या गुणांना खेळाडू 'पिप' म्हणतात. एकमेकींना लागून असलेल्या तुकड्यांचा गट एका पिपमध्ये सरळ पुढे नेता येतो. गट फुटला की त्याच्या प्रत्येक भागाला वेगळा पिप लागतो. हत्ती हलवायला बहुतेक आवृत्त्यांत एक पिप जास्तीचा मोजावा लागतो. एकूण १२ पैकी ४ तुकड्या गमावल्या आणि शत्रूने त्यापेक्षा कमी गमावल्या असतील, तर लढाई हरली.

दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात आपापला बळाचा आकडा मिळवायचा. तलवारीने लढणाऱ्या जड पायदळाचा पायदळाविरुद्धचा आकडा ५ आहे, भालेकऱ्यांचा ४. ज्याची बेरीज कमी त्याला बहुधा मागे हटावे लागते. बेरीज शत्रूच्या निम्मी किंवा त्याहून कमी भरली तर तुकडी नष्ट होते. शत्रूची तुकडी आपल्या टोकापलीकडे वाढून उभी असेल किंवा बगलेला भिडली असेल, तर आपल्या बेरजेतून १ वजा होतो.

बगल मारणे म्हणजे नेमके काय?

बगलेवर हल्ला करावा हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. का करावा, हे दोन फाशांचे गणित दाखवते. कागद-पेन्सिल घेऊन वाचकाने स्वतः ताडून पाहावे.

तलवारबाज आणि भालेकरी समोरासमोर भिडले आहेत, बाकीच्या बेरजा-वजाबाक्या बाजूला ठेवू. दोन फाशांची ३६ दाने संभवतात. त्यांपैकी २१ दानांत तलवारबाज जिंकतात, ५ दानांत बरोबरी होते, १० दानांत भालेकरी जिंकतात. पण भालेकरी जागच्या जागी नष्ट होतात ते फक्त २ दानांत, जेव्हा त्यांना १ आणि समोरच्याला ५ किंवा ६ पडतात. म्हणजे समोरासमोरची झुंज म्हणजे बराच वेळ चालणारी रेटारेटी. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे.

आता भालेकऱ्यांच्या एका टोकाला शत्रूची आणखी एक तुकडी वाढून उभी राहिली. आकडा ४ वरून ३ वर आला. तलवारबाज जिंकण्याची दाने २१ वरून २६ झाली, हा फरक तसा मामुली. पण नष्ट करणारी दाने २ वरून ६ झाली, म्हणजे तिप्पट. दोन्ही टोकांना शत्रू उभा राहिला तर ती १२ होतात.

आणि शत्रूची तुकडी नुसती टोकाला उभी न राहता बगलेला येऊन भिडली तर? नियम असा की बगलेला शत्रू भिडलेला असताना मागे हटायची पाळी आली, तर ती तुकडी संपते. कारण हटायला वाट नाही. आता जी २६ दाने नुसती हरवणारी होती, ती सगळी नष्ट करणारी ठरतात. समोरून ३६ पैकी २, बगलेला भिडल्यावर ३६ पैकी २६. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने स्वतःहून मोठे रोमन सैन्य वेढून कापून काढले, त्यामागचे तत्त्व या दोन आकड्यांत आहे. समोरच्याला हरवण्यासाठी बळ लागते. त्याला संपवायचे असेल तर आधी त्याची माघारीची वाट बंद करावी लागते.

डावपेच पारखणाऱ्याचे पहिले काम हेच. पटावर बसण्याआधी हे कोष्टक स्वतःच्या हाताने मांडावे. कोणत्या जोडीत किती दाने आपल्या बाजूची, हे एकदा डोक्यात बसले की 'माझे फासेच वाईट पडले' ही सबब आपोआप गळते.

झेलमच्या काठची चाचणी

आता पोरसाकडे परत जाऊ. एरियनच्या मते पोरसाकडे ३०,००० पायदळ, ४,००० घोडेस्वार, ३०० रथ आणि २०० हत्ती होते. रात्री वादळी पावसात नदी ओलांडून आलेल्या अलेक्झांडरकडे सुमारे ६,००० पायदळ आणि ५,००० घोडदळ. बाकीच्या सैन्यापैकी काही त्याने क्रेटरस या सरदाराच्या हाताखाली जुन्या छावणीतच ठेवले होते.

पटासाठी आपली मांडणी अशी धरू. पोरसाकडे ४ हत्ती, ४ धनुर्धारी पायदळ, २ घोडदळ आणि २ रथ. अलेक्झांडरकडे ३ जड घोडदळ, त्यांपैकी एक कोइनस या सरदाराच्या हाताखाली. १ घोडेस्वार धनुर्धारी. सारिसा हे लांबलचक भाले घेतलेल्या फॅलँक्सच्या ५ तुकड्या. आणि भाले फेकणारे हलके पायदळ ३. दोन्हीकडे १२.

नवा खेळाडू अलेक्झांडर झाला की त्याला आपल्या नामांकित घोडदळाने हत्तींवरच तुटून पडावेसे वाटते. नियम त्याला लगेच धडा देतो. हत्तीने जड घोडदळाला नुसते हरवले तरी ते घोडदळ नष्ट होते. घोडे हत्तींपुढे उभे राहत नाहीत, हे अलेक्झांडरला पक्के ठाऊक होते. म्हणून तर पोरसाच्या हत्तींसमोर सरळ नदी न ओलांडता त्याने वर जाऊन दुसरा उतार शोधला. उलट हत्तीला मारायला सोयीचे ते हलके पायदळ. त्यांच्याकडून हरला तर हत्ती पडतो. एरियनच्या वर्णनात भालाफेक्यांनी माहुतांना टिपले आणि बिथरलेले हत्ती आपल्याच माणसांना तुडवत सुटले.

आता खरी चाचणी. अलेक्झांडरची योजना अशी होती: आपण उजवीकडून पोरसाच्या डाव्या घोडदळावर चालून जायचे, कोइनसने दुसऱ्या बाजूला सरकून, मदतीला निघालेल्या भारतीय घोडदळाच्या पिछाडीवर यायचे, आणि फॅलँक्सने शत्रूच्या फळीत गोंधळ दिसेपर्यंत हालायचेच नाही. पुस्तकात वाचताना फॅलँक्सला थांबवण्याचा हुकूम दुय्यम वाटतो. फार तर सावधगिरी म्हणून आपण तो सोडून देतो.

पटावर तोच हुकूम योजनेचा कणा ठरतो. राजाचे घोडदळ, कोइनस आणि फॅलँक्स असे तीन गट एकाच वेळी हलवायचे तर दर पाळीला किमान ३ पिप हवेत. फाशावर ३ किंवा जास्त पडण्याची शक्यता ६ पैकी ४. असे सलग तीन पाळ्या पडण्याची शक्यता २७ पैकी ८, म्हणजे सुमारे ३० टक्के. दहापैकी सात वेळा ही योजना कुठेतरी अडखळणार. फॅलँक्सला जागेवरच उभे केले की गट दोन उरतात. लागतात फक्त २ पिप. सलग तीन पाळ्या तेवढे मिळण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. एक गट थांबवल्याने योजना यशस्वी होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली.

नियम लिहिणाऱ्याने अलेक्झांडरचा तो हुकूम डोळ्यांपुढे ठेवून पिपचा नियम केलेला नाही. सेनापतीचे लक्ष आणि दूतांचे पाय मर्यादित असतात, एवढेच त्याने धरले. तेवढ्यातून झेलमच्या लढाईतला एक हुकूम असा उलगडावा, हे मला या छंदाचे सर्वांत मोठे देणे वाटते.

पोरसाच्या बाजूने बसले की दुसरी बाजू दिसते. हत्तींची रांग पुढे न्यायला २ पिप, डावीकडचे घोडदळ वाचवायला आणखी १. एकूण ३. अलेक्झांडर डावीकडे जितका जोर लावील तितके पोरसाचे पिप तिकडे खर्च होतात आणि हत्ती जागेवर अडकतात. ज्या हत्तींच्या जोरावर लढाई जिंकायची, त्यांनाच हुकूम मिळत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात हत्तींची जी कामे सांगितली आहेत, त्यांत न फुटलेली फळी फोडणे आणि फुटलेली आपली फळी सावरणे ही दोन्ही आहेत. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची चिकित्सित आवृत्ती ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी ते प्रकरण हा पट शेजारी मांडून वाचावे. पोरसाच्या हत्तींना यांपैकी एकही काम वेळेवर करता आले नाही, हे मग लख्ख दिसते.

मग पोरसाने काय करायला हवे होते? इथे प्रत्येकाने आपला डाव मांडून पाहावा. उजवीकडचे घोडदळ डावीकडे न बोलावता जागेवरच ठेवले तर कोइनसला पिछाडी मिळत नाही, पण डावी बाजू लवकर कोसळते. हत्ती सुरुवातीलाच, शत्रूचे पायदळ दम खात असताना पुढे काढले तर फॅलँक्सला तयारीला वेळ मिळत नाही, पण हत्तींच्या बगला उघड्या पडतात. जमिनीचाही प्रश्न आहे. कर्टियस चिखलाचे वर्णन करतो आणि त्या निसरड्या जमिनीवर धनुर्धाऱ्यांना आपली लांब धनुष्ये टेकवता येईनात असे सांगतो. एरियन म्हणतो, पोरसाने मुद्दाम वाळूची, सपाट, घट्ट जागा निवडली. एकदा कर्टियसच्या चिखलात खेळावे, एकदा एरियनच्या वाळूत. कोणत्या जमिनीवर इतिहासासारखा निकाल जास्त वेळा येतो, ते टिपून ठेवावे.

पारख खरी केव्हा?

डाव एकदा जिंकला म्हणजे डावपेच सिद्ध झाला, हा सर्वांत मोठा भ्रम. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असल्या तरी पाच डावांत एका ठरावीक बाजूने चार किंवा पाच जिंकण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. म्हणजे पाचपैकी चार जिंकणे हे निव्वळ फाशांचे देणे असू शकते. वीस डावांत पंधरा किंवा जास्त जिंकलात तर मात्र गोष्ट वेगळी. नुसत्या नशिबाने असे होण्याची शक्यता सुमारे २ टक्केच. म्हणून डाव भरपूर खेळावेत आणि निष्कर्षाची घाई करू नये.

दुसरी अट, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हत्तींची जागाही बदलली, जमीनही बदलली आणि घोडदळही वाढवले, तर जय कशामुळे मिळाला हे कळायला मार्ग उरत नाही. तिसरी अट, बाजू बदलून खेळावे. आपण शोधलेला डाव मोडायला आपणच बसलो की त्याची भगदाडे दिसतात. चौथी अट वहीची. निकालाबरोबर तीन गोष्टी हमखास लिहाव्यात: पहिली टक्कर कितव्या पाळीला झाली, पहिली तुकडी कुठे आणि का पडली, आणि कोणत्या पाळीला पिप अपुरे पडले. असे काही डाव लिहून झाले की हार एकाच जागेवरून सुरू होते आहे का, हे वही सांगते.

नियम नवे घडवणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी आहे. नियमांचा कागद अशा लोकांच्या हाती द्यावा, ज्यांच्याशी लेखक आधी एक शब्दही बोललेला नाही. लेखकाने शेजारी बसून समजावून सांगितलेला नियम कधीच अडखळत नाही. अडखळतो तो कागदावरचा नियम.

या सगळ्याच्या मुळाशी प्रामाणिकपणा आहे, आणि तो सुटला की काय होते याचे उदाहरण १९४२ चे आहे. मिडवेच्या लढाईआधी जपानी आरमाराने 'यामातो' युद्धनौकेवर तिचा युद्धखेळ खेळून पाहिला. त्या योजनेत सहभागी असलेले वैमानिक अधिकारी फुचिदा यांनी नंतर लिहिले की फाशांनी जपानी विमानवाहू जहाजांवर ९ बॉम्ब पडल्याचा निकाल दिला, पण खेळ चालवणारे रिअर ॲडमिरल उगाकी यांनी तो ३ वर आणला आणि बुडालेले 'कागा' जहाजही पुढच्या डावात परत आणले. जूनमधल्या खऱ्या लढाईत जपानने 'कागा'सह चार विमानवाहू जहाजे गमावली. फासा काही भविष्य सांगत नव्हता. पण योजना कुठे कच्ची आहे हे त्याने दाखवले होते, आणि पाहणाऱ्यांनी डोळे मिटले.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये याच्या अगदी उलट घडले. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि ब्रिटिश आरमाराच्या महिला दलातल्या तरुणींनी जमिनीवर पट आखून जर्मन पाणबुड्यांचे हल्ले खेळून पाहायला सुरुवात केली. जहाजाच्या कप्तानाची भूमिका करणाऱ्याला पडद्याच्या फटीतून, खऱ्या समुद्रावर दिसेल तेवढेच दिसे. पाणबुड्या ताफ्याच्या बाहेरून मारा करतात असे तोवर मानले जाई. डाव खेळताना लक्षात आले की त्या मागून येऊन ताफ्याच्या रांगांमध्येच शिरत असाव्यात. त्यावर शोधलेल्या 'रास्पबेरी' नावाच्या उपायापासून सुरुवात करून अनेक डावपेच आरमारी अधिकाऱ्यांना याच जमिनीवर शिकवले गेले. तिथे नको असलेला निकाल पुसला गेला नाही. त्याला प्रश्न विचारले गेले.

खेळ काय सांगू शकत नाही

पारख करणाऱ्याने एक पथ्य कायम पाळावे. भालाफेके हत्तीला मारतात, हे नियम लिहिणाऱ्याने एरियनसारख्यांचे वाचूनच नियमात घातले. मग पटावर भालाफेक्यांनी हत्ती मारला तर तो पुरावा ठरत नाही. आपणच पेटीत ठेवलेली वस्तू आपणच बाहेर काढली, एवढेच झाले. खरा शोध तो, जो कोणी नियमात घातला नव्हता आणि तरी खेळताना वर आला. फॅलँक्सला थांबवण्याचा हुकूम हे असे उदाहरण. हा भेद न पाळता 'खेळून सिद्ध झाले' म्हणणे म्हणजे इतिहासाची फसवणूक आहे.

आणि इतिहासातली लढाई तुल्यबळ नसते, तिला तुल्यबळ करण्याचा अट्टाहासही नको. तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवत असलेले फिलिप सेबिन यांनी 'लॉस्ट बॅटल्स' या २००७ च्या पुस्तकात मॅरेथॉनपासून फार्सॅलसपर्यंतच्या ३५ लढाया एकाच नियमसंचात बसवल्या. त्यांत जय मोजताना मूळ सेनापतीपेक्षा खेळाडूने किती बरी किंवा वाईट कामगिरी केली, हे पाहिले जाते. पोरस म्हणून खेळताना हरलात, पण खऱ्या पोरसापेक्षा शत्रूचे जास्त नुकसान केलेत, तर तुम्ही चांगले खेळलात. हा निकष मला न्याय्य वाटतो, कारण पोरसाच्या वाट्याला आलेली परिस्थिती तो मान्य करतो.

आपल्याकडे या छंदाबद्दल दोन गैरसमज आहेत: तो महाग आहे आणि तो लहान मुलांचा आहे. महागड्या रंगवलेल्या पुतळ्यांशिवाय तो पूर्ण चालतो. जाड पुठ्ठ्याचे ४ सेंटिमीटर रुंदीचे २४ तुकडे कापा, त्यांवर तुकड्यांची नावे लिहा, दोन फुटांचा चौकोन आखा, दोन फासे घ्या. समोर असा मित्र बसवा, जो तुमचा डाव मोडण्यात कसूर करणार नाही. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी तर हे एकदा वर्गात करून पाहावेच. अर्ध्या वर्गाला पोरस करा, अर्ध्याला अलेक्झांडर, आणि पुढच्या तासाला बाजू बदला. पहिला डाव झाला की निकाल वहीत लिहा, त्याखाली कारण लिहा, आणि पट पुन्हा मांडा.